मांडलेलं पान

१

घर विकायचं तर आधी त्यातून माणसं काढायची. मंजूषाच्या धंद्यातला हा पहिला धडा. देव्हारा झाकायचा, हार घातलेले फोटो उतरवायचे, दाराशी काढलेल्या चपला, दोरीवरचे टॉवेल, फ्रिजवरची औषधं, सगळं नजरेआड करायचं. घेणाऱ्याला त्या घरात स्वतःला बघायचं असतं, दुसऱ्याचं बनियन नाही.

आणि सगळ्यात शेवटी स्वतःला काढायचं. तिचा कॅमेरा चहूबाजूंनी एकदम बघणारा. खोलीच्या मधोमध तिपाईवर उभा केला की जमीन, छत, चारी भिंती एकाच दमात टिपायचा. त्याच्या मागे उभं राहायची सोयच नव्हती, कारण त्याला मागची बाजूच नव्हती. म्हणून मंजूषा दर वेळी कॅमेरा लावून शेजारच्या खोलीत पळायची, दाराआड भिंतीला चिकटून उभी राहायची आणि मोबाइलवरून बटण दाबायची. असे खोलीखोलीचे फोटो जोडले की टूर तयार. गिऱ्हाईक घरबसल्या मोबाइलवर त्या घरातून हिंडून यायचं. भोपाळमधल्या निम्म्या नव्या कॉलन्यांत मंजूषा अशी दाराआड लपून झाली होती, आणि एकाही फोटोत तिच्या ओढणीचं टोक आलं नव्हतं. याचा तिला भारी ताठा होता.

आता गाठ पडली होती स्वतःच्याच बापाच्या घराशी.

पिपलानीच्या मागे, कारखान्याचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर, भालचंद्ररावांनी निवृत्तीनंतर ते बैठं घर बांधलं होतं. बायको, सिंधू, गेल्यावर ते तिथे एकटेच राहायचे. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले, ते दुपारपासून संध्याकाळपर्यंत तिथेच पडून होते. शेजारची घरं केव्हाच पोरांच्या मागे पुण्या-बंगळुराला गेलेली. हाक ऐकणार कोण? मंजूषाने त्यांना उचलून टी. टी. नगरला आपल्या भाड्याच्या घरी आणलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ती दिवसभर शहरभर हिंडणार आणि बाबा खिडकीशी बसणार. त्यांच्या खिडकीत ऊन येत नव्हतं. समोरच्या गच्चीवर यायचं, ते बघत बसायचे.

साकेतनगरला तळमजल्याचा एक फ्लॅट तिने हेरून ठेवला होता. पुढे हातभर अंगण, सकाळपासून ऊन, आणि भिंतीला भिंत लावून बाबांचे कारखान्यातले जुने जोडीदार, विश्वासकाका. पिपलानीचं घर विकलं की तो घ्यायचा. थंडी सरायच्या आत बाबांना उन्हात, माणसांत आणून बसवायचं. तिला एवढंच हवं होतं, आणि नेमकं तेवढंच होत नव्हतं.

२

रिकामं घर फोटोत भकास दिसतं, म्हणून हल्ली संगणकावर त्यात सामान मांडतात. खरं काहीच नसतं. पलंग, पडदे, कुंड्या, सगळं चित्रातलं. पण तयार मिळतं ते सामान सगळं परदेशी. उंच काचेचे पेले, पांढरे सोफे, भिंतीवर हरणाचं शिंगांसकट मुंडकं. आईच्या जेवणघरात मुंडकं टांगायला मंजूषाचा हात धजेना. तिने एका रविवारी साग्रसंगीत स्वयंपाक केला, आईच्या ताटात डावं-उजवं नीट वाढलं, पाट मांडला, तांब्या-भांडं ठेवलं, भोवती रांगोळी काढली. त्या सगळ्याचे फोटो घेऊन ते पान तिने टूरमधल्या जेवणघरात, जमिनीवर, बेमालूम बसवून टाकलं. भोपाळात मराठी माणसांना तोटा नाही. एखाद्या नागपूरकराला घर आठवेल आणि सौदा होईल, अशी तिची अटकळ.

ते खरं ताट मग बाबांनीच जेवून संपवलं, आमटीतल्या कढीपत्त्यासकट. कढीपत्ता वेचून ताटाच्या कडेला काढणाऱ्यांची त्यांना चीड होती. ‘पानात आलं ते पोटात’ हा घरचा कायदा.

तयार झालेली टूर तिने त्यांना टॅबवर दाखवली. टॅब त्यांनी डाव्या हातात धरला. त्या हाताची करंगळी तरुणपणी यंत्रात सापडून कायमची वाकडी झालेली. काहीही धरलं की ती एकटी बाहेर राहायची. जमिनीवरच्या बाणांवर बोट ठेवत बाबा बैठकीतून जेवणघरात आले आणि थांबले.

“हे पान कोणासाठी?”

“कोणासाठी नाही हो. शोभेचं आहे.”

“शोभेचं पान?” बाबा हसले नाहीत. “तुझी आई मांडलेलं पान कधी रिकामं ठेवायची नाही. पाहुणा नाही आला तर स्वतः बसून दोन घास खायची. पान मांडलं की कोणी तरी बसलं पाहिजे, मंजू, आणि जेवून उठलंही पाहिजे.”

“अहो बाबा, कॉम्प्युटरमधलं आहे ते!”

“म्हणूनच म्हणतो. तिथून उठवणार कोण?”

आयुष्यभर टर्बाइन जुळवणाऱ्या माणसाने असं बोलावं, याचा तिला रागच आला. तिने टॅब काढून घेतला आणि चहा टाकायला गेली.

३

दलाल होता पिंटूभैया. तोंडात पान, दोन मोबाइल, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘समझ रही हैं आप?’. टूर इंटरनेटवर लागल्यावर त्याचा पहिला फोन आला तो तक्रारीचाच.

“मॅडम, आपने बताया नहीं, घर में किरायेदार है।”

“कुणी नाहीये. बाबा माझ्याकडे राहायला आल्यापासून बंद आहे घर.”

“पार्टी बोल रही है पीछे वाले कमरे में कोई रहता है। दरवाजे पे खड़ा दिख रहा है। ऐसे में कौन हाथ डालेगा? समझ रही हैं आप?”

ती समजत होती. घर घेणारा माणूस एक वेळ भुताला चालवून घेईल, भाडेकरूला नाही. भूत निदान कोर्टात जात नाही.

तिने टूर उघडली. बैठकीत काही नव्हतं. बाण दाबून जेवणघरात आली. डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे मागची खोली, मधे तिचं ते सुंदर पान. चित्र मोठं करत करत तिने मागच्या खोलीच्या दाराकडे नजर लावली. चौकटीवर, आतल्या बाजूने धरलेली, चार बोटं होती. लांब, सरळ, जरा पांढरट.

मंजूषा स्वतःवरच वैतागली. इतक्या वर्षांचा ताठा, आणि स्वतःच्याच घराच्या फोटोत हात यावा! तिने तिथला चौकटीचा तुकडा शेजारून घेऊन बोटांवर फिरवला. बोटं पुसली गेली. टूर पुन्हा चढवली, पिंटूला कळवलं, आणि मग स्कूटरवर बसताना तिच्या लक्षात आलं, की जेवणघराचा फोटो घेताना ती स्वयंपाकघरात लपली होती. मागच्या खोलीत नाही.

घाईत विसरले असेन, असं तिने ठरवलं. ठरवणं भागच होतं. पुढच्या कामाला आधीच उशीर झाला होता.

४

दुसरी पार्टीही तेच म्हणाली, आणि तिसरीही. एक बाई तर फोनवर मराठीतच बोलल्या. “घर गोड आहे हो, पण ते जेवायला बसलेत ते कोण? त्यांना बाहेर काढणार असाल तरच बोलू.”

“जेवायला बसलेत?”

“म्हणजे पाठमोरे. नीट नाही दिसत. मुलाने टूर फिरवली तर आता दिसतच नाहीत.”

मंजूषाने फोन ठेवला तो आपटूनच. तिने स्वतः दहादा टूर फिरवली, तिला कोणी जेवताना दिसलं नाही. दार मात्र पुन्हा बिघडलेलं होतं. पुसलेल्या जागी बोटं परत होती, आणि आता मनगटही होतं. फाइलच खराब झालीय म्हणावी, तर बाकी सगळा फोटो काचेसारखा स्वच्छ. तिने पुसायचं, हाताने परत यायचं. पाटी पुसावी आणि अक्षर वर यावं तसं चाललेलं. पाण्यात रेघ मारण्याची तिला आता चीड आली. शेवटी कॅमेरा उचलून ती भर दुपारी पिपलानीला गेली. नवे फोटो घ्यायचे, म्हणजे कटकटच मिटली.

घरात बंद घराचा वास होता. जमिनीवर धुळीचा पातळ थर. जेवणघरात ती थबकली. धुळीत एक चौकोन स्वच्छ होता, पाट मांडावा एवढा. पाट इथे कधी आलाच नव्हता, तो टी. टी. नगरला, तिच्या पलंगाखाली होता. वरून पाणी ठिबकलं असेल, असं म्हणून तिने वर पाहिलं. छत कोरडं होतं.

तिने तिपाई लावली, स्वयंपाकघरात गेली, दाराआड ओट्याला टेकून उभी राहिली. बटण दाबणार तोच जेवणघरातून आवाज आला. बारीकसा, स्टीलचा. वाटीतलं शेवटचं बोटाने पुसून घेताना येतो तसा. एकदा, मग थांबून पुन्हा.

उंदीर असतील, तिने मनाशी म्हटलं. रिकाम्या घरात उंदराला वाटी कुठून मिळाली, हा पुढचा प्रश्न तिने मनात येऊच दिला नाही. डोळे मिटून बटण दाबलं, भराभर बाकीच्या खोल्या उरकल्या आणि कुलूप लावून बाहेर आली. अंगणात उभं राहिल्यावर तिला स्वतःचंच हसू यायला हवं होतं. आलं नाही.

घरी येऊन तिने जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले. जुन्यात तिने स्वतः मांडलेलं पान होतं. ते उष्टं झालं होतं. भाताची मूद मोडलेली, आमटीची वाटी पुसून लख्ख, लिंबाची फोड पिळून टाकलेली. आणि ताटाच्या कडेला, एकाशेजारी एक, ओळीने लावून ठेवलेली कढीपत्त्याची पानं.

नव्या फोटोत सामान नव्हतं, पान नव्हतं. मागच्या खोलीचं दारही साफ होतं. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि सवयीने चित्र फिरवलं. बोटं आता स्वयंपाकघराच्या चौकटीवर होती. ती जिथे लपली होती तिथे, तिच्या डोक्याच्या वीतभर वर.

५

तिने जुनी टूर सबंध काढून टाकली. पान, पाट, पडदे, सगळं. नवे फोटो पुसून पुसून चढवले. बोटं परत येतच राहिली. तिने संगणक बदलला, सॉफ्टवेअर बदललं, ओळखीच्या मुलाला पाठवून बघितलं, तो म्हणाला, “दीदी, आपका ही हाथ है।” रडायचंही सुचेना तिला.

त्यात पिंटूने खरी पार्टी आणली. चार इमलीतल्या सरकारी बंगल्यात राहणारे एक साहेब, निवृत्तीला आलेले, बंगला सोडायच्या आत घर हवं. घर त्यांना बाहेरून पसंतही पडलं. फक्त मुलगी अमेरिकेत होती, ती टूर बघून हो म्हणणार. “बस, घर खाली दिखना चाहिए मॅडम। एकदम खाली। नहीं तो ये भी गए, समझ रही हैं आप?” आणि त्याच संध्याकाळी साकेतनगरहून निरोप आला, की फ्लॅटला दुसरं गिऱ्हाईक लागलंय.

जेवताना तिने ताट पुढे सरकवून दिलं. बाबा बघत होते.

“ते पान काढलंस ना?”

“काढलं! केव्हाच काढलं. त्या पानानेच माझं डोकं खाल्लंय.”

“पान काढलंस, पण जेवणारा उठला का?”

मंजूषाचा बांध फुटला. “बाबा, पुरे करा हो! मी इथे तुमच्यासाठी जिवाचं रान करतेय. तुम्हाला ऊन मिळावं, बोलायला माणूस मिळावं म्हणून. आणि तुम्ही मला आईच्या गोष्टी सांगताय?”

बोलून गेल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी ताटातला कढीपत्ता चावून खाल्ला, हात धुतला आणि मग म्हणाले, “मला घेऊन चल एकदा. घर माझं आहे. त्याला मीच उठ म्हणतो.”

६

सकाळी शेजारच्या दोघांनी बाबांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं. इतक्या महिन्यांनी अंगावर ऊन पडलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि रिक्षा येईपर्यंत उघडले नाहीत. मंजूषाला गलबलून आलं. हे तर रोज देता आलं पाहिजे यांना, तिला वाटलं.

पिपलानीच्या घरात शिरल्यावर बाबा काठी टेकत थेट जेवणघरात गेले. धुळीतल्या स्वच्छ चौकोनापुढे उभे राहिले. पाहुण्याशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाले, “झालं ना जेवण? उठा आता. मुलीला घर विकायचंय.”

काहीच झालं नाही. दूर कारखान्याचा भोंगा वाजला. मंजूषाला बापाची कीव आली आणि स्वतःची लाज.

“चला, फोटो घेऊन टाकू,” ती म्हणाली. “तुम्ही अंगणात बसता?”

“परत पायऱ्या उतरायला लावू नकोस. मी मागच्या खोलीत थांबतो दाराआड. तू सांगतेस तसा, भिंतीला चिकटून.”

ते हसले. ते हसणं तिला पुढे फार आठवलं. डाव्या हाताने चौकट धरून ते आत गेले. करंगळी तेवढी बाहेर राहिली, मग तीही आत गेली.

मंजूषा स्वयंपाकघरात गेली. मोबाइलवर रिकामं जेवणघर दिसत होतं. “बाबा, हलू नका हं,” ती ओरडली. “हो,” मागच्या खोलीतून आवाज आला. त्याच क्षणी मोबाइलवर, चौकोनाच्या जागी, कोणी तरी गुडघ्यावर हात टेकून उठत असल्यासारखं काही हललं. पाठमोरं. तिने पापणी मिटून उघडली. खोली रिकामी होती. तिने बटण दाबलं.

“झालं, या!”

बाबा बाहेर आले. डावा हात कोटाच्या खिशात होता.

“काठी आत राहिली तुमची.”

“राहू दे,” ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेटपर्यंत गेलेसुद्धा. “चल. भूक लागलीय.”

रिक्षात तिने तिथल्या तिथे फोटो तपासला. दारं, चौकटी, कोपरे. कुठेही काहीही नव्हतं. तिने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पोटभर रडली.

७

साहेबांच्या मुलीने रातोरात हो म्हटलं. पुढचं सगळं सुरळीत झालं. किल्ल्या दिल्या, साकेतनगरला सामान गेलं. हातभर अंगणात सकाळी खुर्ची टाकली की बाबांच्या अंगावर ऊन येऊ लागलं. ते मात्र खुर्ची सावलीत ओढून घ्यायचे. विश्वासकाका दोन-तीनदा बुद्धिबळ घेऊन आले, मग येईनासे झाले. फाटकाशी तिला गाठून म्हणाले, “अगं, भालचंद्र घोड्याची चाल विसरलाय. आणि जुनं काही विचारलं की नुसता बघत राहतो.”

“वय झालं, काका,” मंजूषा म्हणाली. तब्येत तर सुधारली होती. काठीशिवाय चालायचे, दोन वेळा वाढून घ्यायचे.

त्या दुपारी तिने साग्रसंगीत स्वयंपाक केला. बाबा समोर बसून खाली मान घालून जेवत होते. तिने आमटी वाढायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. बाबांच्या ताटाच्या कडेला, एकाशेजारी एक, ओळीने, कढीपत्त्याची पानं लावलेली होती.

फोन वाजला. पिंटू होता.

“मॅडम, वो आख़िरी वाला टूर अभी तक चढ़ा हुआ है। साहब की बिटिया कह रही हैं, उसमें पीछे वाले कमरे के दरवाजे पे किसी बुजुर्ग का हाथ है। ज़रा हटा दीजिए, साहब लोग वहाँ रहने आ गए हैं, अच्छा नहीं लगता। समझ रही हैं आप?”

तिने टॅब ओढून घेतला. बैठक, मग बाण, मग जेवणघर. मागच्या खोलीच्या चौकटीवर आतून एक हात आला होता. तोल जाणारा माणूस आधारासाठी धरतो तसा त्याने चौकट घट्ट धरली होती. तीन बोटं लाकडावर दाबलेली. करंगळी वाकडी, एकटी, बाहेर.

मंजूषाने मान वर केली. समोर बाबांचा उजवा हात भात कालवत होता. डावा मांडीवर, टेबलाखाली होता. त्या दिवसापासून तो कायम खिशात, शालीत, टेबलाखालीच होता. डावा हात दाखवा, एवढंच तिला म्हणायचं होतं.

बाबांनी वर न बघताच विचारलं, “काय, पुन्हा कोणी दिसतंय?”

टॅबवरचा तो हात तिने अंगठ्याने झाकला होता, कुणाची नजर लागू नये तसा.

“मग पुसून टाक,” ते म्हणाले. “तुझं तर रोजचंच काम आहे. आणि थोडा भात वाढ.”